पाकातली डबाबंद फळं: काही महिने वापरल्यावर

ताज्या फळाला पर्याय म्हणून घ्याल तर निराशाच पदरी पडेल. डब्यातलं फळ शिजलेलं असतं, वास उतरलेला असतो आणि पाकाच्या गोडीपुढे मूळ चव दबते. पण स्वयंपाकातला एक जिन्नस म्हणून बघितलं, तर काही महिने सतत वापरून माझं मत चांगलं झालंय. सगळ्या फळांबद्दल नाही, एवढंच.

अननस सगळ्यात उजवा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं प्रथिनं तोडणारं विकर असतं. त्यामुळे जिलेटिनची जेली सेट होत नाही आणि दुधाक्रीमच्या पदार्थाला थोड्या वेळाने कडवट चव येते. डबा बंद करून तापवताना ते विकर निकामी होतं. म्हणून जेली, कस्टर्ड, क्रीम यांत मी आता डब्यातलाच अननस घालते. आंबटपणा मात्र राहतोच, तेव्हा पाक पूर्ण निथळून, कस्टर्ड गार झाल्यावरच.

पीचही छान, फोडी आकार धरून राहतात. पेअर मऊ आणि किंचित रवाळ. भाजून बरा लागतो. मिक्स फ्रूट कॉकटेलच्या वाटेला मात्र जाऊ नका. डोळे मिटून खाल्लं तर पीच कुठला आणि पेअर कुठला, सांगता येत नाही.

लेबलवर दोन वजनं असतात, निव्वळ आणि निथळलेलं. त्यातलं दुसरं बघायचं. ८५० ग्रॅमच्या डब्यात फळ साधारण ४५० ते ५०० ग्रॅम निघतं, बाकी पाक. म्हणजे पाक ओतून दिला की जवळजवळ निम्मे पैसे मोरीत. मी तो मंद आचेवर आटवते. बुडबुडे मोठे आणि संथ झाले, चमच्याच्या पाठीवर थर धरला, की गॅस बंद. गरम केकवर ब्रशने लावला की केक ओलसर राहतो. आटवायचा कंटाळा आला तर पाण्यात पातळ करून लिंबू पिळायचं, सरबत तयार. केकच्या पिठात फळ घालायचं असेल तर आधी चाळणीत निथळवून, फडक्यावर टिपून, मैद्यात घोळवायचं. नाहीतर फोडी तळाशी बसतात आणि भोवती केक चिकट राहतो.

उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नये. फिकट रंगाच्या फळांचे डबे आतून बरेचदा नुसत्या कथिलाचे असतात, कारण कथिलामुळे फळाचा रंग टिकतो. रिकाम्या डब्यात राखाडी नक्षी दिसते ती त्याचीच, घाबरायचं कारण नाही. पण हवा लागली की आंबट पाकात कथिल भराभर उतरतं आणि धातूची चव येते. काचेच्या बरणीत काढून तीन-चार दिवसांत संपवते. फुगलेला किंवा गळका डबा मात्र चव न बघता सरळ फेकायचा.

अननस घेताना तुकड्यांपेक्षा चकत्या घ्या. हवे तेवढे तुकडे घरी करता येतात, आणि तव्यावर भाजायच्या तर चकत्याच लागतात.