ईजीएफआर नेमका कुठे बसलाय? डॅब की फ्लुरोसन्स

थिसिसचा सिनॉप्सिस भरायची वेळ आली की ज्युनिअर्सपैकी कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच: ईजीएफआर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर बसून वाढीचा संदेश आत पोचवणारं प्रथिन (रिसेप्टर), अँटिबॉडीने शोधायचा, तर ती अँटिबॉडी डॅबच्या तपकिरी रंगाने दाखवायची की फ्लुरोसन्सच्या चमकणाऱ्या रंगाने? मी दोन्ही करून बसलोय, तोंडाच्या कॅन्सरच्या सेक्शनवर (पातळ कापांवर), ईजीएफआरसाठी. खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) कृपेने नागपुरात या ब्लॉक्सचा, म्हणजे मेणात बसवलेल्या ट्यूमरच्या तुकड्यांचा, तुटवडा कधी नसतो.

आधी डॅब. तपकिरी रंग पक्का असतो. डीपीएक्समध्ये (काच चिकटवायच्या रेझिनमध्ये) बसवलेली माझी जुनी स्लाइड आजही काढली तर तशीच दिसते. अंधारी खोली नको, साधा मायक्रोस्कोप पुरतो, आणि ट्यूमर कुठे, स्ट्रोमा (भोवतालची आधार-ऊती) कुठे हे एका नजरेत कळतं. पॅथॉलॉजिस्टचे डोळे याच रंगाला सरावलेले असतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-टू (ईजीएफआरचाच भाऊबंद रिसेप्टर) पाहायचा असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही: 10 टक्क्यांहून जास्त ट्यूमर पेशींभोवती पूर्ण, गडद कडं दिसलं की 3+, म्हणजे पॉझिटिव्ह, विषय संपला. तिथे प्रश्नच कड्याचा असतो.

ईजीएफआर मात्र कड्यावर थांबत नाही. लिगंड (त्याला जागं करणारा रेणू) चिकटला की रिसेप्टर आत ओढला जातो, एंडोसोममध्ये (पेशीतल्या पिशवीत) शिरतो. काही लायसोसोममध्ये (पेशीच्या कचराकुंडीत) जाऊन संपतात, काही परत पृष्ठभागावर येतात. शिवाय तो केंद्रकात जाऊन सायक्लिन डी1 या पेशी-विभाजनाच्या जनुकाच्या प्रमोटरला (चालू-बंद करणाऱ्या भागाला) चिकटतो असं 2001 मध्ये दाखवलं गेलं. माझा थिसिस नेमका त्याच केंद्रकावर होता, आणि डॅबने मला तिथेच रडवलं.

सेक्शन चार मायक्रॉनचा. केंद्रक हिमॅटॉक्सिलिन या रंगाने निळं, त्यावर तपकिरी. आता हा तपकिरी केंद्रकाच्या आत आहे, की वरच्या सायटोप्लाझमच्या पापुद्र्यातला? सर आयपीसमधून मान न काढता म्हणाले, "अरे, हे आत आहे का वरून आलंय?" मी म्हटलं, "आत आहे, सर." दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "मला तर वरचं वाटतंय." पंधरा दिवसांनी तीच स्लाइड मी पुन्हा मोजली आणि माझाच आकडा माझ्याशी जुळेना! लॅबमधल्या काकांना म्हटलं, हिमॅटॉक्सिलिन हलकं करा. त्यांनी केलं, तर केंद्रकाची कडच पुसट झाली. गडद ठेवलं तर तपकिरी झाकला जायचा. दोन महिने यातच गेले.

कॉन्फोकलवर (लेझरने एकेक पातळ थर टिपणाऱ्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर) हे भांडण बऱ्यापैकी मिटतं, निदान माझं तरी मिटलं. प्रकाशाने घेतलेला काप एका मायक्रॉनहून पातळ ठेवता येतो. डॅपीने (डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने) निळं झालेलं केंद्रक, वेगळ्या चॅनेलमध्ये ईजीएफआर, आणि थर खाली-वर करत पाहिलं की ठिपका आत आहे की टोपीसारखा वर बसलाय ते दिसतं. तिसऱ्या रंगात ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींना जोडणारं प्रथिन) लावलं तर पेशीची कडही आखून मिळते. अँटिबॉडीच चुकीच्या जागी चिकटत असेल तर कॉन्फोकलही वाचवणार नाही, म्हणून निगेटिव्ह कंट्रोल (जिथे रंग यायलाच नको अशी स्लाइड) दोन्हीकडे हवाच.

डोकेदुखी इथेही आहे. केराटिनचे मोती, लाल रक्तपेशी, सबम्युकस फायब्रोसिसमधलं (तोंडाची आतली त्वचा ताठ करणाऱ्या आजारातलं) कोलॅजन, हे सगळं हिरव्यात आपोआप चमकतं. म्हणून सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटणारी, रंग लावलेली अँटिबॉडी) 647 ची, म्हणजे अतिगडद लाल रंगाची, घ्या. तो रंग डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, कॅमेऱ्यालाच दिसतो. पहिल्या दिवशी स्टेनिंग फसलं समजून मी स्लाइड फेकायलाच निघालो होतो. चमक उतरत जाते, त्यामुळे फोटो त्याच आठवड्यात काढावे लागतात. मशीनचा स्लॉट दुसऱ्या संस्थेत मिळवायचा तर आर्जवं करावी लागतात. आणि मे महिन्यात अँटिबॉडी मागवू नका. माझा एक डबा 45 अंशांच्या दुपारी आला, आत बर्फाऐवजी कोमट पाणी.

तुमचा प्रश्न 'आहे की नाही' किंवा 'कड्यावर किती' एवढाच असेल तर डॅब करा, पैसे वाचतील. 'आत कुठे' असा असेल तर मी फ्लुरोसन्सकडे झुकेन. ठरत नसेल तर ब्लॉक कापतानाच काकांना सांगून लागोपाठचे चार सेक्शन कोटेड स्लाइडवर घेऊन ठेवा, नंतर तोच ब्लॉक पुन्हा मागायला गेलात तर ट्यूमर संपलेला असतो.