कव्हर पिक्चरचं, पुस्तक भलतंच

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'ची पेपरबॅक मागवली होती. कव्हरवर तोच तो चपट्या डोक्याचा, मानेत बोल्ट ठोकलेला हिरवा चेहरा. अहो पुस्तकात असं काहीच नाहीये! आतला प्राणी आठ फुटी, पिवळी कातडी, काळेभोर चमकदार केस, मोत्यासारखे दात. बोल्टवाला अवतार १९३१ च्या पिक्चरमधला, बोरिस कार्लॉफ ह्या नटाचा. मागे छापलंय "वेडा डॉक्टर आणि त्याचा कुबडा मदतनीस", आता ह्या प्राण्याला बनवणारा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन डॉक्टर नाही, कॉलेजात शिकणारा पोरगा आहे, आणि मदतनीस तर अख्ख्या कादंबरीत शोधून सापडणार नाही. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने पुस्तक उघडलेलंच नाही, पैज लावा.

कव्हरच तर आहे, त्यात काय एवढं असं म्हणाल. पण पिक्चर डोक्यात ठेवून वाचायला बसलं की गोष्टच उलटी कळते ना. पिक्चरमध्ये मदतनीसाच्या हातून चांगल्या मेंदूची बरणी फुटते आणि तो गपचूप गुन्हेगाराच्या मेंदूची उचलून आणतो, झालं, राक्षस वाईट का तर माल खराब होता. कादंबरीत तो कोरा जन्मतो, लपूनछपून बोलायला शिकतो, चक्क मिल्टन ह्या जुन्या इंग्रज कवीचं काव्य वाचतो, पण ज्याला दिसेल तो एकतर पळतो नाहीतर मारायला धावतो, आणि मग हळूहळू बिघडत जातो.

पाण्याचाच प्रसंग घ्या. पिक्चरमध्ये तळ्याकाठी एक चिमुरडी त्याच्याबरोबर फुलं पाण्यात सोडत खेळते, फुलं संपल्यावर तो तिलाच उचलून टाकतो, वाटतं हीपण तरंगेल, आणि ती बुडते. पुस्तकात बरोब्बर उलटं. पाय घसरून नदीत पडलेल्या मुलीला तो ओढून काढतो, शुद्धीवर आणायला धडपडतो, तेवढ्यात एक माणूस येऊन तिला हिसकावून नेतो आणि हा मागे गेला तर सरळ गोळी घालतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटून नुसता बसून होतो.

पिक्चर वाईट आहे असं नाही हां. छतातून उजेड येतो आणि कार्लॉफ दोन्ही हात वर करून तो धरायला बघतो, ते बघताना आजही गलबलतं. पण बोलता माणूस मुका केला तो केलाच. (टायटलमध्ये लेखिकेचं नाव काय, तर 'मिसेस पर्सी बी. शेली'!)

बाकी प्रत म्हणाल तर फाँट बारीक, टिपा नाहीत, १८१८ चा मूळ मजकूर की १८३१ चा लेखिकेने बदललेला हेही कुठे छापलेलं नाही, व्हिक्टरची होणारी बायको एलिझाबेथ १८१८ सारखी सख्खी आतेबहीण नसून सांभाळलेली निघाली तेव्हा मला कळलं की १८३१ चा. जहाजावरची शेवटची पानं तर सुटून हातातच आली.

गोष्टीला पाच स्टार, ह्या प्रतीला दोन. बदलून मागितली तर दुसरीही हिरव्या तोंडाचीच आली.