३७ अंश की ३५.५? डायलिसिसच्या पाण्याचं तापमान ठरवताना

मशीनवर तापमानाचा आकडा दिसतो हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असतं, पण तो पेशंटप्रमाणे बदलता येतो हे फारसं कुणी सांगत नाही. मी जळगावात जिथे डायलिसिसला जातो तिथेही सकाळी मशीन सुरू झालं की ३७ ठरलेलं. मी आधी ३७ वर आणि नंतर ३५.५ वर बराच काळ काढला आहे. ज्यांचं बीपी मध्येच उतरतं आणि डॉक्टर ‘पाणी थोडं थंड करून बघू’ म्हणालेत, त्यांच्यासाठी हा अनुभव.

एक-दीड अंशाने काय फरक पडणार, असं मलाही वाटायचं. पण मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासांत १२० लिटर पाणी फिल्टरमधल्या बारीक पडद्यापलीकडून आपल्या रक्ताशेजारून वाहून जातं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं अंग मुळातच ३७ च्या खाली असतं. म्हणजे ३७ चं पाणी आपल्याला चार तास हळूहळू तापवतं. त्यातच अंगात साठलेलं जादा पाणी मशीन ओढून काढत असल्यामुळे शरीर कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं आणि उष्णता आत कोंडते. ती फार वाढली की शरीर त्या वाहिन्या सैल सोडतं आणि बीपी धाडकन खाली येतं. पाणी थंड असेल तर वाहिन्या आवळलेल्या राहतात, बीपी टिकतं. इटलीतल्या डॉक्टरांनी हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. रक्तातला कचरा निघण्यात मात्र सांगण्यासारखा फरक पडत नाही.

आरामाच्या बाबतीत ३७ सरस आहे, यात वाद नाही. पहिले दोन तास छान झोप लागते.

माझं बिनसायचं ते तिसऱ्या तासाला. आधी जांभयांवर जांभया, मग मानेला घाम, मग डोळ्यांपुढे अंधारी. सिस्टर धावत येणार, पायाकडची बाजू वर करणार, ओढणं थांबवणार आणि सलाईन सोडणार. बीपी सावरायचं, पण मला सलायचं ते सलाईन. तीन दिवस घोट-घोट मोजून प्यायचं, मशीनने ते पाणी ओढायचं, आणि त्यातलंच थोडं नळीतून परत अंगात घ्यायचं. वर राहिलेल्या वेळात ओढणं बंद किंवा कमी. मग काट्यावर वजन ड्राय वेटच्या (जादा पाणी निघाल्यावरचं ठरलेलं वजन) वरच, पोटरीत गोळे, आणि घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत अंथरुण. चक्कर एकवेळ सोसता येते. अर्धवट राहिलेलं पाणी घेऊन घरी जाणं मला सोसवत नव्हतं, कारण पुढच्या वेळी तेवढंच जास्त ओढावं लागायचं आणि बीपी पुन्हा पडायचं.

३५.५ वर हे पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही, पण माझ्यापुरतं सलाईन क्वचितच लागू लागलं. डायलिसिसनंतर रिक्षापर्यंत मी स्वतः चालत जातो. घरी आल्यावर जेवण जातं. मला ठरवायला एवढं पुरेसं होतं.

आपल्या खान्देशात याला आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की तहान आवरत नाही, दोन डायलिसिसमधलं वजन वाढतं आणि ओढायचं पाणीही वाढतं. त्यात कुणी चोपड्याहून, कुणी पारोळ्याहून भर उन्हात एसटीने आलेला असतो, अंग आधीच तापलेलं. अशा वेळी मला थंड पाण्याचा सर्वांत जास्त उपयोग जाणवला.

डिसेंबरातली सकाळची शिफ्ट मात्र कठीण जाते. थंडी बाहेरून अंगावर येत नाही, आतून चढते, त्यामुळे गोधडी घेतली तरी उशिरा ऊब येते. फिस्टुलाचा हात (शीर-धमनी जोडून जिथे सुया टोचतात तो) तर झाकताच येत नाही, सुया दिसत राहिल्या पाहिजेत. मी कानटोपी, पायमोजे आणि दुसऱ्या हाताला मोजा घालतो. शेजारच्या बेडवरच्या बापूंनी दोन-चारदा ३५.५ घेऊन पाहिलं आणि सरळ सांगितलं, “भो, माले थंडी वाजस.” अंगाने अगदी वाळलेले, बीपी कधी पडत नाही. त्यांनी ३७ वर राहणंच योग्य, असं माझंही मत आहे.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ८४ केंद्रांत झालेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पंधरा हजारांहून जास्त पेशंट होते. पाणी थंड केल्याने मृत्यू किंवा हृदयविकारासाठी दवाखान्यात भरती होणं कमी झालं नाही, थंडीचा त्रास मात्र जास्त जणांना झाला. हे नाकारून चालणार नाही. म्हणून सरसकट सगळ्यांचं पाणी थंड करा असं मी म्हणत नाही. पण त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या पाण्यात जेमतेम अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक होता, आणि त्यात बीपी पडणारे-न पडणारे सगळेच होते. ज्याचं बीपी दर आठवड्याला पडतं, त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

एकदम ३५.५ वर उडी नको. अर्धा-अर्धा अंश कमी करत जा आणि प्रत्येक पायरीवर काही डायलिसिस होऊ द्या. मी मधे ३६ वर थांबलो होतो. कित्येकांना तेवढंच पुरतं. मानेत कॅथेटर (डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी) असेल आणि हुडहुडी भरून ताप आला, तर ‘पाणी थंड आहे म्हणून’ असं समजून गप्प बसू नका, तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथल्या तिथे सिस्टरना सांगा. आणि ठरलेलं तापमान डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या. शिफ्ट बदलली, टेक्निशियन नवा आला की मशीन परत ३७ वर गेलेलं असतं. सुया टोचण्याआधी आकडा बघून घ्यावा.