पीआयआर की रीड स्विच: दारावर कुणाला बसवायचं?

आमचं गावचं घर खानापूर तालुक्यात, कौलारू, फणसाच्या लाकडाच्या दारांचं. आम्ही राहतो बेळगावात, शहापूरला. गणपती, शिमगा आणि भातलावणी सोडली तर ते घर कुलूपबंद. अशा घराला हातानं अलार्म करायचा तर दोन सोपे मार्ग आहेत: पीआयआर मॉड्यूल, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर, नाहीतर दाराला चुंबक आणि रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ असला की जुळणारा छोटा स्विच. मी दोन्ही एकेक पावसाळा चालवून बघितलेत.

पीआयआर आधी लावला, कारण करायला मजा येते. एचसी-एसआर५०१ हे पीआयआर मॉड्यूल, एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, एक रिले (विजेनं चालणारा स्विच) आणि सायरन. रविवारच्या दुपारी काम संपतं. एकटा अख्खी पडवी सांभाळतो. मांजराची तक्रार सगळेच करतात, पण लेन्सच्या खालच्या भागाला काळी टेप चिकटवली की ती बरीचशी मिटते.

मला वैताग आणला तो लाईटनं. वीज मिळाल्यावर हे मॉड्यूल मिनिटभर स्थिरावत असतं, आणि तेवढ्यात त्याचं आउटपुट एकदोनदा उगाच हाय होतं, म्हणजे कुणी नसताना इशारा जातो. आषाढात आमच्याकडे लाईट किती वेळा जाते-येते ते सांगायला नको. बॅटरी होती, पण अदलाबदल करणारा रिले क्षणभर अधांतरी राहायचा, तेवढंही त्याला पुरायचं. रात्री अडीचला शेजारच्या काकांचा फोन: "अरे, तुझं घर परत ओरडायलंय बघ. छत्री घेऊन जाऊन आलो, कोण नाही." चौथ्या वेळी त्यांचा फोनच आला नाही. घाबरलो मी तेव्हा.

बॅटरी चार्जरला कायमची समांतर जोडली असती तर हे टळलं असतं, कबूल. पण तोवर काकांचा विश्वास उडाला होता.

रीडचं सर्किट त्या मानानं अगदीच गरीब. सी१०६ एससीआर (गेटला एकदा इशारा मिळाला की करंट चालू असेपर्यंत सुरूच राहणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), त्याच्या गेटला बारा व्होल्टवरून १० केचा रेझिस्टर, आणि गेट व कॅथोड या दोन पायांमध्ये रीड. दार बंद असेपर्यंत रीड गेटला दाबून ठेवतो. दार उघडलं किंवा कुणी तार कापली की सायरन सुरू, आणि दार परत लावलं तरी थांबत नाही. एक खोच मात्र आहे: सायरन स्वतःच करंट मध्येमध्ये तोडतो, त्यामुळे एससीआर सुटून जातो. सायरनला समांतर १ केचा रेझिस्टर लावा, मग तो धरून राहतो. नुसतं जागं राहायला साधारण सव्वा मिलिअँपिअर लागतात. सात एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी हिशेबानं आठ महिने पुरावी, प्रत्यक्षात थोडी कमीच धरा.

पावसात फणसाचं दार फुगतं, उन्हाळ्यात आटतं, म्हणून चुंबक आणि रीडमधलं अंतर वर्षातून एकदा बघावं लागतं. लोखंडी दार असेल तर लोखंड आणि चुंबक-रीड यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा घाला. आणि कौलं काढून उतरणाऱ्याला रीड काहीच करत नाही, तिथं पीआयआरच हवा. तुमचं घर स्लॅबचं, माणसांनी भरलेलं आणि लाईट भरवशाची असेल तर कदाचित तुम्ही तोच घ्याल.

आमचा पीआयआर आता शहापूरच्या जिन्यात दिवा लावतो. लाईट आल्यावर तो उगाच पेटला तरी कुणाला छत्री घेऊन यावं लागत नाही.