जुन्या ॲक्सेंटचा पेट्रोल पंप: नुसती मोटर घ्यावी की पूर्ण असेंब्ली?

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ह्युंदाई ॲक्सेंटसाठी टाकीतल्या पंपाची सुटी मोटर, जाळी, आखूड रबरी नळी, दोन क्लॅम्प आणि कनेक्टरसकट वायरचा तुकडा असा संच सोलापुरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. पूर्ण असेंब्लीपेक्षा (म्हणजे मोटर, तिचे प्लॅस्टिकचे घर आणि वरचा कनेक्टर असा अख्खा पंप) तो पुष्कळच स्वस्त पडतो. शिवाय या गाडीत मागच्या सीटखालच्या झाकणातून पंपापर्यंत हात पोहोचत असल्यामुळे टाकी उतरवावी लागत नाही, म्हणून घरीच बसवण्याच्या हेतूने मी तो घेतला. यातली मोटर पैसे वसूल करणारी आहे. तिच्यासोबत येणारे बाकीचे सामान मात्र तसे नाही.

पंप बदलण्याआधी तो खरोखरच गेला आहे याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. माझी गाडी तुळजापूरच्या घाटात चढावर दम सोडत होती आणि सपाटीवर पुन्हा नीट चालत होती. हे लक्षण तुंबलेल्या फिल्टरचेही असू शकते, त्यामुळे आधी फिल्टर बदलला, मग फ्यूज व रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) तपासले, आणि स्टार्टर फिरत असताना पंपाच्या कनेक्टरवर बॅटरीइतका विजेचा दाब (व्होल्टेज) येतो का, अर्थिंग पक्के आहे का, हे मीटरने पाहिले. विजेत काही खोट नव्हती, इंधनाचा दाब मात्र गेजवर चढतच नव्हता. तेव्हाच दुकान गाठले.

संचातल्या नळीबद्दल सविस्तर लिहायला हवे. टाकीतली नळी आतून आणि बाहेरूनही सदैव पेट्रोलमध्ये भिजत असते, आणि साधी फ्युएल पाइप, मग ती इंजेक्शनच्या दाबाची का असेना, अशा बुडीत वापरासाठी बनवलेली नसते. बाहेरचे रबर फुगते, मऊ पडते आणि शेवटी फाटते. त्यासाठी ‘एसएई ३०आर१०’ या दर्जाची नळी लागते. संचातल्या नळीवर कोणताच शिक्का नव्हता. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आहे आणि त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांची रबरे ते गृहीत धरून घडवलेली नाहीत, हे ध्यानात घेता (आणि त्या इथेनॉलला आपल्याच जिल्ह्याच्या उसाचाही हातभार आहे, हे मान्य करूनही) बिनशिक्क्याची नळी टाकीत सोडणे मला पटले नाही. योग्य दर्जाची नळी आणि तिला चिरा न पाडणारे, कडा वळवलेले इंजेक्शन क्लॅम्प वेगळे घेतले. झाकणाखालची रिंगही नवीच हवी, कारण पेट्रोलच्या वाफेने फुगलेली जुनी रिंग पुन्हा खाचेत बसत नाही. संचात ती नव्हतीच.

बसवण्याचे काम अवघड नाही, परंतु आगीशी गाठ आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते, म्हणून बंद शेडमध्ये हे काम करू नये. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तर ते दुपारी मुळीच करू नये, पहाटेच उरकावे. टाकीत पेट्रोल कमी असावे. पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले की लाइनमधला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी आणि ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा. झाकणाभोवतीची धूळ ब्रशने व ओल्या कापडाने आधीच काढावी, अन्यथा ती थेट टाकीत पडते. मोटरीच्या वायरींचे प्लस-मायनस जुन्याशी जुळवून घ्यावे; उलटे जोडल्यास मोटर फिरते, पण दाब देत नाही. टाकीच्या आतल्या जोडाला साधी इन्सुलेशन टेप लावू नये, कारण तिचा डिंक पेट्रोलमध्ये विरघळतो.

सगळे बसवल्यावर चावी काही वेळा ऑन-ऑफ करून लाइन भरली आणि सांध्यांवर कोरडे कापड फिरवून गळती नाही हे पाहिले. सीट त्यानंतरच जागेवर ठेवली. इंजिन आता लगेच सुरू होते आणि घाटातला दम परत आला आहे. नव्या मोटरीचा आवाज मूळ पंपापेक्षा किंचित जास्त येतो, तो मला खटकत नाही. ती किती वर्षे टिकेल हे बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या सवयीवर आहे: टाकीतले पेट्रोलच मोटरीला थंड ठेवत असल्याने, चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात काटा रिझर्व्हवर ठेवून अक्कलकोट-विजापूर फिरणाऱ्यांनी तिला दोष देऊ नये.

असेंब्लीचे प्लॅस्टिक तडकलेले असेल किंवा वरच्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील, तर नुसती मोटर घेऊन भागणार नाही. तेथे पूर्ण असेंब्लीच घ्यावी. संच घ्यायला जाताना जुनी मोटर सोबत न्यावी आणि जाडी, तोंडाचा व्यास व कनेक्टर समोरासमोर लावून पाहावेत, कारण विजेवर चालणारा माल सहसा परत घेतला जात नाही. काउंटरवर बॅटरी लावून मोटर कोरडीच फिरवून दाखवू लागले, तर नको म्हणावे. पेट्रोलवाचून फिरल्यास तिची झीज दुकानातच सुरू होते.