फोटोच्या पोटातली मराठी ओळ टिकवायची तर: एक्झिफटूल आणि डिजिकॅम

तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओ असो, नागपूरच्या पेपराला फोटो धाडणारा वार्ताहर असो की झाडीपट्टीच्या नाटकांचे फोटो जपणारं मंडळ, गरज एकच असते. फोटोची मराठी ओळ (कॅप्शन), गावाचं नाव आणि फोटो काढणाऱ्याचं नाव फाइलच्या आतच राहावं, आणि चार सॉफ्टवेअरमधून फिरून आल्यावरही जसंच्या तसं वाचता यावं. या कामासाठी आमची पसंती एक्झिफटूल (फोटोच्या आतली माहिती लिहिणारं-वाचणारं साधन) आणि डिजिकॅम (फोटो पाहण्या-लावण्याचं सॉफ्टवेअर) या जोडीला आहे. दोन्ही मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात. रोजची छाननी डिजिकॅममध्ये करावी, शेवटचं लिहिणं आणि तपासणं एक्झिफटूलवर सोपवावं.

अक्षरं कुठे मोडतात हे आधी पाहू. फोटोच्या फाइलमध्ये माहितीचे तीन कप्पे असतात: एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी. एक्झिफमधलं वर्णन, नाव आणि कॉपीराइट ही खाती मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी आखलेली होती. २०२३ च्या ३.० आवृत्तीत तिथे यूटीएफ-८ (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची एकच अक्षरपद्धत, साठवण्याची रीत) अधिकृतपणे आलं, पण जुनी सॉफ्टवेअर ते ओळखत नाहीत. एक्सएमपी ॲडोबीने २००१ मध्ये आणलं. ते पहिल्यापासून युनिकोडवर उभं आहे आणि त्यात लांबीची मर्यादा नाही. मराठीसाठी खरा भरवशाचा कप्पा हाच.

त्रास देतो तो मधला, आयपीटीसी. बऱ्याच वृत्तपत्रांच्या जुन्या यंत्रणा तोच वाचतात, म्हणून तो टाळताही येत नाही. त्यात प्रत्येक खात्याची लांबी बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या छोट्या एककांत, ठरलेली आहे: शहर ३२, फोटो काढणाऱ्याचं नाव ३२, कीवर्ड ६४, ओळ २०००. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. ‘चंद्रपूर’ २४ बाइटमध्ये मावतं. ‘अर्जुनी मोरगाव’ला ४० लागतात. ३२ वर कापलं की ‘अर्जुनी मोर’ उरतं आणि पुढे ‘ग’चा एक तुटका बाइट लोंबकळतो, तो पडद्यावर चौकटीतलं प्रश्नचिन्ह होऊन दिसतो. ‘पुरुषोत्तम’ एकट्यानेच ३० बाइट घेतो, त्यामुळे आडनावाला जागाच राहत नाही. म्हणून आयपीटीसीतलं शहर आणि नाव ही दोन खाती लांब असतील तर इंग्रजी अक्षरांत भरा आणि पूर्ण मराठी रूप एक्सएमपीत ठेवा. ओळीचं खातं मात्र मराठीत बिनधास्त भरता येतं, शंभरेक शब्द सहज बसतात.

आयपीटीसीचा दुसरा सापळा म्हणजे भाषेची खूण. आतली अक्षरं यूटीएफ-८ आहेत हे सांगणारं ‘कोडेड कॅरेक्टर सेट’ नावाचं एक छोटं खातं असतं. ते रिकामं असेल तर वाचणारं सॉफ्टवेअर मजकूर युरोपीय लिपीतला समजून उलगडतं. मग दिसते ती ओळखीची रांगोळी: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’, त्यामागे चार टोकांचं वर्तुळ किंवा येनची खूण, हेच पुन्हा पुन्हा. असं दिसलं तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, खूण लावली की मराठी परत येते. फक्त ती रांगोळी तशीच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा सेव्ह करू नका, नाहीतर गुंता दुहेरी होतो. याउलट सरळ प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तो मजकूर त्या खात्यातून कायमचा गेला, तो आता प्रतीवरूनच पुन्हा भरावा लागेल. विंडोजच्या युनिकोडपूर्व व्यवस्थेत फ्रेंच किंवा रशियनसाठी स्वतंत्र कोडपेज (अक्षरांचा तक्ता) होतं, देवनागरीसाठी नव्हतंच. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नुसती बिघडत नाही, ती पुसली जाते.

आपल्याकडच्या स्टुडिओंसाठी याहून जवळची अडचण आहे कृतिदेव आणि श्रीलिपीची. लग्नाच्या अल्बमवरचा मजकूर या फॉन्टमध्ये टाइप होतो आणि तोच उचलून फोटोच्या माहितीत चिकटवला जातो. या खात्यांना फॉन्ट नसतो. जुन्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे आतून इंग्रजी चिन्हंच, त्यामुळे इथे ती उघडी पडतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच भरा.

आता एक्झिफटूल. फिल हार्वे यांनी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं हे साधन २००३ पासून चालत आलेलं आहे. विंडोजवर झिप उलगडल्यावर फाइलच्या नावातला ‘-के’ कंसासकट काढून टाका आणि सोबतचा फोल्डर त्याच जागी राहू द्या, तो हलवला तर साधन सुरूच होत नाही. खिडक्या-बटणं नाहीत, सगळं कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर टाइप करावं लागतं. नवख्याला ते जड जातं, आणि त्या पडद्यावर मराठी थेट टाइप केली तर बहुतेक वेळा प्रश्नचिन्हंच फाइलमध्ये जातात. उपाय सोपा आहे. नोटपॅडमध्ये प्रत्येक आदेश वेगळ्या ओळीवर, अवतरणचिन्हांशिवाय लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि वजा-ॲट (-@) हा पर्याय देऊन ती फाइल एक्झिफटूलला वाचायला द्या. २०१९ आधीच्या विंडोजवर नोटपॅड आपणहून ‘एएनएसआय’ हा युनिकोडपूर्व प्रकार निवडतं, तेव्हा सेव्ह करताना तिथे नक्की बघा. त्या यादीत ‘कोडेड कॅरेक्टर सेट’ला यूटीएफ-८ देणारी ओळ कधीही विसरू नका.

ती विसरण्याची एक खास जागा आहे. फोटोशॉपमधून माहिती गळालेला फोटो बाहेर आला की मूळ फोटोवरून सगळी माहिती उचलून त्यावर टाकतात. एक्झिफटूल या सरसकट नकलेत भाषेची खूण मुद्दाम वगळतं, कारण दुसऱ्या फाइलमधला मजकूर वेगळ्या लिपीत असू शकतो. मग नव्या आयपीटीसीत देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात. पडद्यावर इशारा येतो, पण दोनशे फोटोंच्या भाऊगर्दीत तो वर सरकून जातो. खूण त्याच आदेशात वेगळी नमूद केली की काम चोख होतं. चूक झालीच तर ‘ओरिजिनल’ शेपटीची जुनी प्रत शेजारी ठेवलेली असते. या एका सवयीसाठीच हे साधन विश्वासाचं वाटतं.

पुष्कळ फोटो असतील तर यादी एक्सेलमध्ये करून तिची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्झिफटूलला द्यावी. पहिल्या स्तंभाचं शीर्षक ‘सोर्सफाइल’, पुढे खात्यांची नावं, सगळी शीर्षकं इंग्रजी अक्षरांत. एक्सेलमध्ये सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

डिजिकॅम ही याची डोळ्यांना सुखाची बाजू. चित्रं समोर ठेवून मराठीत ओळी टाइप करता येतात, टॅग लावता येतात. दोन गोष्टी सुरुवातीलाच लावून घ्या. मेटाडेटाच्या, म्हणजे या आतल्या माहितीच्या, सेटिंगमध्ये ओळी आणि टॅग फाइलमध्ये लिहिण्याच्या खुणा आहेत का ते पाहा. त्या नसतील तर सगळं डिजिकॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच राहतं आणि पेनड्राइव्हवर दिलेला फोटो कोराच जातो. दुसरं, ओळीला भाषा निवडता येते, पण फक्त ‘मराठी’ निवडून थांबू नका. तीच ओळ मूळ, म्हणजे ‘एक्स-डिफॉल्ट’ भाषेतही असू द्या. पुष्कळ सॉफ्टवेअर तेवढंच वाचतात.

फोटोशॉपचा दोष लिपीचा नाही, वाटेचा आहे. ‘सेव्ह ॲज’ने माहिती राहते. ‘एक्सपोर्ट ॲज’ने फार तर कॉपीराइट आणि संपर्क राहतो, ओळ जाते. ‘सेव्ह फॉर वेब’मध्ये मेटाडेटासाठी ‘ऑल’ निवडा. गिंप या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जेपेग एक्सपोर्ट करताना एक्झिफ, आयपीटीसी आणि एक्सएमपी या तिन्ही चौकटींत खूण हवी.

चाचणीसाठी ही ओळ वापरा: ‘तान्हा पोळा, अर्जुनी मोरगाव: शेतकऱ्यांच्या मुलांचे लाकडी नंदी’. यात ‘ळ’ आहे, जोडाक्षरं आहेत आणि मुख्य म्हणजे ‘ऱ्य’ आहे. हे ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतं: एकात वेगळा ‘ऱ’ असतो, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडेलच असं नाही, आणि न दिसणारं चिन्ह काही सॉफ्टवेअर गाळून टाकतात. सगळ्यांनी वेगळ्या ‘ऱ’चाच कीबोर्ड ठेवावा. प्रत्येक टप्प्यानंतर एक्झिफटूलचं उत्तर मजकूर-फाइलमध्ये वळवून नोटपॅडमध्ये वाचा, काळ्या पडद्यावर शाबूत मराठीही तुटकी दिसते.

एवढं करून फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर आतली सगळी माहिती वाटेतच गळते. तिथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशी आहे तशी पोचते.