गंधक, इंडियम की सोनं? क्रिटिकॅलिटी डोसिमीटरच्या प्रोजेक्टसाठी काय घ्याल

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला डोसिमेट्री (किरणांचा डोस मोजणं) घेतलीत की पहिला प्रश्न फॉइलचा, म्हणजे न्यूट्रॉन लागून किरणोत्सारी होणारा कुठला नमुना घ्यायचा याचा. माझा उलटा प्रश्न: नमुना न्यूट्रॉनसमोरून काढल्यापासून काउंटरवर जाईपर्यंत किती वेळ जाणार?

इलेक्ट्रॉनिक डोसिमीटरचा विचार सोडाच. क्रिटिकॅलिटी अपघातात, म्हणजे युरेनियमसारख्या इंधनात नकळत विखंडनाची साखळी सुरू झाली की, न्यूट्रॉन-गॅमाचा मारा क्षणार्धात होतो. मोजणारं सर्किट गुदमरतं आणि डोस कमी दाखवतं. फॉइलला ती अडचण नाही, मोजणी नंतर होते.

इंडियम सोयीचं. ३३६ केईव्ही ऊर्जेचा स्वच्छ गॅमा, अर्धायुष्य साडेचार तास. पण मुंबईत किरणन करून पुण्यात मोजणार असाल, तर बोरघाटातल्या कोंडीत निम्मी सक्रियता गेलीच म्हणून समजा. मंद न्यूट्रॉनमुळे ५४ मिनिटांचं इंडियम-११६ही तयार होतं आणि सुरुवातीला तेच सगळं झाकून टाकतं. खऱ्या अपघातात मात्र हा उपद्रव कामाला येतो: सर्व्हे मीटर अंगावरच्या फॉइलच्या बॅजला लावला की कोणाला मार बसलाय ते लगेच कळतं.

गंधक स्वस्त आणि सवडीचं. वेगवान न्यूट्रॉन लागला की फॉस्फरस-३२ बनतो, अर्धायुष्य १४.३ दिवस. अडचण अशी, की तो नुसता बीटा सोडतो आणि गोळीच्या आतले बीटा बाहेर येण्याआधीच अडतात. म्हणून गोळी ॲल्युमिनियमच्या वाटीत ठेवून जाळतात. निळसर ज्योत, घसा धरणारा धूर (फ्यूम हूडशिवाय नकोच), आणि तळाशी उरतो फॉस्फरसचा जेमतेम दिसणारा थर. तो मोजायचा. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात १४ एमईव्ही न्यूट्रॉन जनरेटरवर वर्षानुवर्षं काम झालंय; तसल्या न्यूट्रॉनवर गंधकात २.६ तासांचं सिलिकॉन-३१ही बनतं, तेव्हा एक दिवस थांबून मग मोजा.

पण साधारण ३ एमईव्हीच्या खालचं गंधकाला दिसतच नाही. १९९९चा जपानमधल्या तोकाइमुराचा क्रिटिकॅलिटी अपघात युरेनिल नायट्रेटच्या द्रावणात झाला होता. द्रावणातून मंद न्यूट्रॉन भरपूर येतात, तिथे सोनं लागतं: एक फॉइल उघडं, एक कॅडमियममध्ये; कॅडमियम मंद न्यूट्रॉन अडवतं, म्हणून दोन्हींतला फरक म्हणजे मंद न्यूट्रॉनचा वाटा. अर्धायुष्य २.७ दिवस. लक्ष्मी रोडवरचा २२ कॅरेटचा पत्रा मात्र चालणार नाही, त्यातलं तांबंही सक्रिय होतं.

यातलं काहीही निवडलंत तरी १४ एमईव्हीवरचं कॅलिब्रेशन म्हणजे अपघाताची चाचणी नव्हे. विखंडनातले न्यूट्रॉन सरासरी २ एमईव्हीचे. खरी परीक्षा नेवाडातल्या गोडिव्हा-४सारख्या स्पंद-रिॲक्टरवर होते, जो विखंडनाचा क्षणिक झटका देतो. फ्रान्समधला सिलेन २०१० साली बंद झाला. प्रबंधात हे स्पष्ट लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

एका सत्राच्या प्रोजेक्टसाठी मी गंधक घेईन. वेळापत्रक हुकलं तरी नमुना आठवडाभर थांबतो. गामा डिटेक्टर जनरेटरच्या शेजारच्याच खोलीत असेल, तरच इंडियम. आणि प्रत्यक्ष वापरायचा बॅज बनवणार असाल, तर तिन्ही लागतील, सोबत गॅमासाठी टीएलडी (तापवल्यावर डोसच्या प्रमाणात प्रकाश देणारा डोसिमीटर).